रुक्सानाची गोळी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दवाखाना आवरत होते. तपासणीचं टेबल न्यायला आलेला माणूस जिन्यात खोळंबलेला, आणि संपादक फोनवर म्हणत होते, "कोरोनात तुम्ही डॉक्टर मंडळींनी काय काय केलंत, ते जरा हृद्य असं लिहा की." आम्ही काय काय केलं ते खरंच लिहिलं तर हृद्य होणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता, हे वाचकांना थोड्याच वेळात कळेल.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. खाली जिनपालशेठचं औषधाचं दुकान, वर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांचा क्लास, आणि मध्ये मी. मी फिजिशियन. ताप, मधुमेह, रक्तदाब तर होतेच, पण माझा खरा जीव सांध्यांच्या आणि त्यांच्या आसपासच्या चिवट आजारांत. त्यातला एक आजार ल्युपस. आपलं संरक्षण करायला शरीरानं जी फौज पाळलेली असते, ती या आजारात मालकावरच उलटते. आज सांधे, उद्या कातडी, परवा मूत्रपिंड. बहुतेक वेळा बायकांना होतो आणि बायकांना होतो म्हणून बराच काळ कुणी लक्ष देत नाही.

कुरुंदवाडची रुक्साना शिकलगार अशीच माझ्याकडं आली होती. तिचा नवरा दस्तगीर कोयत्यांना, विळ्यांना, कात्र्यांना धार लावून द्यायचा आणि ती ब्लाउजवर आरीचं भरतकाम करायची. बोटं सुजल्यामुळं सुई धरता येईना. गालांवर लाल चट्टा. एका डॉक्टरनं त्याला संधिवात म्हटलं होतं, दुसऱ्यानं उन्हाची ॲलर्जी, आणि सासूनं कामाचा कंटाळा. मी तपासण्या केल्या, आजाराला नाव दिलं आणि एक लहानशी पांढरी गोळी सुरू केली. मूळची मलेरियाची, पण ल्युपसमध्ये ती त्या बिथरलेल्या फौजेला आवरते. काही महिन्यांत रुक्साना स्वतः भरलेला एक निळा ब्लाउजपीस घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बघा म्याडम, टाका कसा सरळ आलाय." माझ्या कामात इतकी सुंदर पोचपावती फार वेळा मिळत नाही.

मग तो विषाणू आला.

टाळेबंदी लागली त्या सुमारास कुठल्याशा परदेशी संशोधकांनी मूठभर रुग्णांवर हीच गोळी वापरून एक लेख लिहिला. परदेशातल्या मोठ्या पुढाऱ्यांनी तिचं कौतुक केलं, आपल्या वाहिन्यांनी ते दिवसभर दाखवलं. आपल्याकडच्या अधिकृत सूचनेत आधी फक्त कोरोना रुग्णांमध्ये काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ती घ्यावी असं आलं. लोकांनी त्यातला 'फक्त' गाळला.

जिनपालशेठ वर आले. एरवी हा माणूस हसल्याशिवाय बोलत नाही.

"म्याडम, तुमची ती ल्युपसची गोळी संपली."

"मागवा की."

"कुठनं मागवू? होलसेलवालाच माझ्याकडं मागतोय. सकाळी एक पावणं आलं, 'ती मलेरियाची द्या' म्हणालं. किती, म्हटलं. तर म्हणालं, 'हाय तेवढी.'"

"चिठ्ठीशिवाय दिलीत?"

"चिठ्ठी होती की. सगळ्यांकडं चिठ्ठ्या होत्या." जिनपालशेठ दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यात आधी कोण आलं म्हाईत हाय का? तुमचीच मंडळी."

ते खरं होतं. डॉक्टरांनी डॉक्टरांना, डॉक्टरांनी मेहुण्यांना, मेहुण्यांनी आग्रह केला म्हणून मेहुण्यांच्या भागीदारांना चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. गावात कोरोनाचा रुग्ण दुर्बीण लावून शोधावा लागत होता, पण गोळी प्रत्येक फ्लॅटच्या फ्रिजमध्ये होती.

गावातल्या डॉक्टरांच्या एका मंडळाची मोबाइलवर सभा झाली. अध्यक्ष मूळव्याधीचे सर्जन. हात उत्तम, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी त्यांनी विषाणू पेशीत कसा शिरतो ते तासभर सांगितलं, आणि भगंदराइतक्याच आत्मविश्वासानं सांगितलं. शेवटी म्हणाले, "प्रत्येक सभासदानं ही गोळी घ्यायची. घरच्यांनाही द्यायची. वाटपाचा कार्यक्रमही ठेवलाय, फोटोग्राफर सांगितलाय."

मी म्हटलं, "सर, तो लेख मूठभर रुग्णांवरचा आहे. तुलनाही धड केलेली नाही."

इथं बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगते. सर्दी झालेला माणूस पांढरा रस्सा प्यायला तर आठवडाभरात बरा होतो. न प्यायला तरी आठवडाभरातच बरा होतो. म्हणून रश्शानं सर्दी जाते का हे ठरवायचं तर पुष्कळ सर्दीवाले घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग करायचे, एका भागाला रस्सा द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि मग बघायचं. औषधाची चाचणी म्हणजे एवढंच. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. परीक्षेत लिहून आम्ही पास होतो. साथ आली की विसरतो.

अध्यक्ष म्हणाले, "म्याडम, पुरावा येईपर्यंत काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"पुरावा येईपर्यंत ज्यांना ती रोज लागते त्यांच्या तोंडची तरी काढू नका. माझे ल्युपसचे रुग्ण—"

माझ्या मोबाइलवर अक्षरं आली की सभेच्या यजमानांनी माझा आवाज बंद केला आहे. मी पुढं बराच वेळ ओठ हलवत होते. नंतर एका सहकाऱ्यानं कळवलं की साडी छान दिसत होती.

दस्तगीरचा फोन आला. "म्याडम, आमच्याकडं गोळ्या संपत आल्यात वो. कुरुंदवाडात न्हाईत, जयसिंगपुरात न्हाईत. शिरोळला पण पोलिसांच्या काठ्या चुकवत जाऊन आलतो." मी त्याला धीर दिला आणि एका सरकारी कचेरीत गेले. सरकारी साठा आहे असं कानावर होतं. टेबलामागचे गृहस्थ अत्यंत सौजन्यानं बोलले.

"पेशंटला कोरोना हाय का?"

"नाही. ल्युपस आहे."

"हा कुठनं आला? मुंबईतनं का पुण्यातनं?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "साठा कोरोनासाठीच हाय म्याडम. त्यांना कोरोना झाला की लगेच मिळंल. काळजी करू नका."

ही गोळी बंद झाल्या झाल्या काही बिघडत नाही. ती अंगात बरेच दिवस रेंगाळते. त्यामुळं कुणाला दोष द्यावा असं काही घडतच नाही. नंतर बिघडायला लागतं, आणि तोवर सगळे पुढच्या औषधाकडं वळलेले असतात. मी सांगलीत विचारलं, बेळगावात विचारलं, औषध कंपनीच्या माणसाला गळ घातली. कुठून एखादं पाकीट मिळालं की कुरुंदवाडला धाडलं. ते फार पुरणारं नव्हतं. रुक्साना आधी अर्धी गोळी घ्यायला लागली, मग एक दिवसाआड. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मला त्रास नको म्हणून.

भर उन्हाळ्यात तिला ताप भरला. त्या दिवसांत ताप म्हणजे कोरोनाच. गल्लीतल्यांनी कळवलं, गाडी आली आणि तिला तालुक्यातल्या एका शाळेत नेऊन ठेवलं. तिथं संशयितांची सोय होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज आनंदानं फुललेला.

"म्याडम, मिळाली! इथं सगळ्यांस्नी आपलीच गोळी देतायत!"

मी खुर्चीत बसले आणि हसले. सरकारी कचेरीतले गृहस्थ बरोबर होते म्हणायचे. बाईला कोरोनाचा संशय आला आणि ल्युपसचं औषध मिळालं.

हसू टिकलं नाही. पुन्हा फोन आला तो दस्तगीरचा.

"म्याडम, रिपोर्ट निगेटिव्ह आला."

"चांगलंच झालं."

"काय चांगलं? गोळ्या परत घेतल्या की वो. निगेटिव्ह माणसाला ही गोळी द्यायची न्हाय म्हणत्यात. घरी जावा म्हणत्यात."

मी त्या शाळेवरच्या डॉक्टरला फोन लावला. नुकताच पास झालेला, थकलेला मुलगा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्याडम, तुमचं पटतंय मला. पण सूचनेत ल्युपस न्हाय. उद्या वरनं विचारलं तर मी काय सांगू?" मी त्याला दोष देत नाही. वरचे वर होते, आणि त्यांच्याही वर कुणीतरी होतं, आणि सगळ्यात वर ती सूचना होती, जी दर थोड्या दिवसांनी बदलून मोबाइलवर येत होती.

त्याच आठवड्यात मला भूपालआण्णांनी बोलावलं. आण्णा आमच्या मागच्या गल्लीतले खता-बियाण्यांचे व्यापारी, माझे जुने रुग्ण. छातीत धडधडतंय म्हणून ते घाबरले होते, पण दवाखान्यात यायला त्याहून जास्त घाबरले होते. मी ईसीजीचं छोटं यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले.

"आण्णा, काय औषध घेताय?"

"तुमची नेहमीची. आणि ती कोरोनाची."

"सूचनेत आहे तशी, आठवड्यातनं एकदा?"

"रोज."

"रोज कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला पायजे? आठवड्याला घेतली तर सोमवारची गोळी शुक्रवारी काय कामाची? रोगाला काय सुट्टी हाय व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "घसा खवखवला म्हणून मधे जावयानं एक अँटिबायोटिक पण सांगितलं. इंटरनेटवर दोनी संगट घेत्यात म्हणं."

कागदाची पट्टी बाहेर आली आणि माझ्याच छातीत धडधडायला लागलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. या दोन औषधांनी तो वेळ लांबतो. फारच लांबला तर हृदय ताल सोडतं आणि माणूस बसल्या जागी जातो. आण्णांचा बराच लांबला होता. कोरोना त्यांच्या घराच्या आसपासही नव्हता, आणि कोरोनावरचं औषध त्यांना उचलून न्यायच्या बेतात होतं.

"आण्णा, दोन्ही आत्ता बंद. उद्या परत ईसीजी काढते."

"बंद. तुम्ही सांगितल्यावर बंदच."

"आणि उरलेल्या गोळ्या मला द्या. कुरुंदवाडला एक बाई आहे, तिला ही रोज लागते. नाहीतर तिची किडनी जाईल."

आण्णांचा चेहरा व्यापाऱ्याचा झाला. "बंद करतो की. पण माल असू दे घरात. उद्या काय वेळ येईल सांगता येत न्हाय."

"काय लोणचं घालणार हाय व्हय त्याचं?" त्यांच्या पत्नी पद्माक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. एवढा वेळ त्या तिथं उभ्या होत्या हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्या आत गेल्या आणि देवघराखालच्या कपाटातून बुटाचं एक खोकं घेऊन आल्या. आत पाकिटं रचलेली होती. आण्णा काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं. "न्या. आणि वरच्या वकिलांकडं पण हायत. त्यांची सून परवाच सांगत होती. थांबा, फोन लावते."

वकिलांच्या सुनेनं गोळ्या पिशवीत घालून दोरीनं गॅलरीतून खाली सोडल्या. अडीच महिने सरकार, कंपनी आणि आमचं मंडळ यांच्याकडून जे झालं नव्हतं ते पद्माक्कांनी चहा उकळेपर्यंत केलं.

मी गाडी काढली. डॉक्टर असल्यानं पास होता. जयसिंगपूरच्या अलीकडं नाक्यावर हवालदारानं अडवलं. पास बघितला, मागच्या सीटवरचं खोकं बघितलं, आणि त्यातली पाकिटं ओळखली.

"म्याडम, ही ती न्हवं? एक आम्हालाबी द्या की. दिवसभर हितं उभा हाय."

"हिचा उपयोग होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही हो."

"आमच्या सायबांनी घेतली की."

"म्हणून सिद्ध होत नाही." मी त्याला माझ्याकडचे दोन चांगले मास्क दिले. त्यानं ते घेतले, पण नजर खोक्यावरून हलेना. फुकटचा मास्क हे त्याला औषध वाटत नव्हतं. गाडी सुटली तेव्हा मागून आवाज आला, "डॉक्टर लोकं सोताच खाणार सगळी!" मला त्याचा राग आला नाही. माहिती अर्धीच चुकीची होती.

कुरुंदवाडला रुक्साना दारातल्या खाटेवर बसलेली होती. मी तिला लगेच ओळखलं नाही. चेहरा सुजलेला, पापण्या मिटायला आलेल्या, पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहत होता. लघवीला फेस येतो, असं तिनं खालच्या आवाजात सांगितलं. मी खोकं तिच्या शेजारी ठेवलं, पण आता एकट्या त्या गोळीनं भागणार नव्हतं. फौज मूत्रपिंडात घुसली होती.

दस्तगीर म्हणाला, "आमी गोळी सोडली न्हवती म्याडम."

"मला माहीत आहे."

"न्हाय, पण डॉक्टर लोक विचारत्यात न्हवं, गोळी का सोडली म्हणून. म्हणून सांगतो."

तिला मी त्याच गाडीतून कोल्हापुरात आणलं. पहिल्या हॉस्पिटलनं ताप आहे म्हणून दारातून परतवलं. दुसऱ्यानं रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी पुन्हा करून आणा म्हटलं. शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं आपल्या छोट्या हॉस्पिटलात तिला घेतलं. जोरकस स्टेरॉइड, मग त्याहून जोरकस औषधं. सूज उतरली, ताप गेला, गालांवरचा चट्टा गेला. मूत्रपिंड मात्र पूर्वीसारखं झालं नाही. थोडं वाचलं, बरंचसं गेलं.

दरम्यान मोठ्या चाचण्यांचे निकाल येत गेले. चिठ्ठ्या टाकून, दोन भाग करून, नीट केलेल्या चाचण्या. हॉस्पिटलात दाखल झालेल्यांना या गोळीचा उपयोग नाही, असं निघालं. पुढं ती रोग होऊ नये म्हणूनही कामाची नाही, असं दिसलं. त्याच प्रकारच्या चाचणीनं एक साधं, जुनं स्टेरॉइड ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवतं हेही दाखवलं. ते वाचलं त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा खरोखर अभिमान वाटला. कुणी तरी इतक्या धांदलीत, माणसं मरत असताना, चिठ्ठ्या टाकून बसलं होतं आणि त्यामुळं आम्हाला काहीतरी नक्की कळलं होतं. लगेच आमच्याकडच्या लोकांनी ते स्टेरॉइड साध्या खोकल्याला घ्यायला सुरुवात केली, तो भाग वेगळा.

नव्या सूचनांमधून एक दिवस ती गोळी गेली. का गेली, कुणाचं काय चुकलं, एक ओळ नाही. आमच्या मंडळाची पुन्हा सभा झाली. अध्यक्षांनी या खेपेला जंतांवरच्या औषधाबद्दल तासभर सांगितलं. मी हात वर केला. ते म्हणाले, "म्याडम, तुमचं ल्युपसचं आपण नंतर घेऊ." चार दिवसांनी जिनपालशेठ सांगत आले की त्या औषधासाठी आता जनावरांच्या औषधांच्या दुकानातही रांग आहे.

पुढं लोक उरलेल्या गोळ्या आणून देऊ लागले. त्याच गोळ्या, तेच फ्रिज. "गरीब पेशंटला द्या म्याडम," असं वर सांगायचे आणि पुण्य घेऊन जायचे. बऱ्याचशा मुदत संपलेल्या. रुक्सानाला आता एकाही गोळीची कमतरता नव्हती. अध्यक्षांचा एका समारंभात फेटा बांधून सत्कार झाला. मला निमंत्रण होतं. मी गेले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. गेले होते. जेवण चांगलं होतं.

गेल्या वर्षी दवाखाना बंद करायचं ठरल्यावर मी माझे जुने रुग्ण एकेक करून दुसऱ्यांच्या हवाली केले. रुक्सानाला मूत्रपिंडाच्या एका तरुण डॉक्टरकडं मी स्वतः घेऊन गेले. हुशार मुलगा, बोलायला मऊ. त्यानं तिचा हात हातात घेऊन बोटं बघितली, तपासण्या चाळल्या आणि विचारलं, "किडनी कधीपासून बिघडली, ताई?"

"कोरोनात," रुक्साना म्हणाली.

"अच्छा. म्हणजे कोरोना झाला होता तुम्हाला." तो लिहायला लागला.

"न्हाय वो डॉक्टर," ती घाईनं म्हणाली. तिला वाटलं आपणच नीट सांगितलं नाही. "मला न्हाय झाला. लोकांस्नी होऊ नये म्हणून माझी गेली."

त्यानं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती सांगत होती ते बरोबर होतं.